नव्या लॅपटॉपवर लिनक्स सुरूच होत नाही? आधी गाडी कुठे अडली ते ओळखा

वर्धा, सेवाग्राम, हिंगणघाट, आर्वी, पुलगाव. या भागातली कितीतरी मुलं इंजिनिअरिंग, पॉलिटेक्निक किंवा बीसीएला प्रवेश घेतात आणि घरात पहिल्यांदाच नवाकोरा लॅपटॉप येतो. मग ऑपरेटिंग सिस्टिमचं प्रॅक्टिकल लागतं आणि कोणीतरी सांगतं, "विंडोजसोबत लिनक्स पण टाकून घे." व्हिडिओ बघून पेनड्राइव्ह तयार होतो, लॅपटॉप रीस्टार्ट होतो आणि समोर येतो काळा पडदा. किंवा लाल अक्षरातली सूचना. किंवा चक्क काहीच झालं नसल्यासारखं विंडोज.

इथून पुढे खरी गडबड सुरू होते. घाबरून एकामागोमाग एक सेटिंग बदलली जातात. मग विंडोजही सुरू होत नाही. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरसाठी नागपूर गाठायचं म्हटलं तर वर्ध्यापासून साधारण ७५ किलोमीटर, म्हणजे एक दिवस गेला. आणि जवळच्या दुकानात 'फॉरमॅट मारून देतो' हा उपाय निघाला, तर फोटो, प्रोजेक्ट, नोट्स सगळंच गेलं.

खरं तर अशा बहुतेक वेळा लॅपटॉप बिघडलेला नसतो. अडचण असते ती जुन्या सल्ल्याची. बरेच व्हिडिओ ज्या पिढीच्या मशीनसाठी केले होते, ते मशीन आणि आजचा लॅपटॉप यांची सुरू होण्याची पद्धतच वेगळी आहे. ही पद्धत एकदा कळली, की काय करायचं आणि काय अजिबात करायचं नाही, हे दोन्ही कळतं.

बटण दाबल्यावर आत काय होतं?

पॉवर बटण दाबल्यापासून डेस्कटॉप दिसेपर्यंत साधारण चार टप्पे असतात.

पहिला टप्पा फर्मवेअरचा. मदरबोर्डवरच्या चिपमध्ये असलेला हा छोटा प्रोग्रॅम कीबोर्ड, मेमरी, डिस्क जागेवर आहेत का ते बघतो. याला आपण सवयीने बायोस म्हणतो, पण नव्या लॅपटॉपमध्ये त्याची जागा यूईएफआयने घेतली आहे.

दुसरा टप्पा बूटलोडरचा. लिनक्समध्ये हे काम बहुतेक वेळा 'ग्रब' करतो. उबुंटू सुरू करायचं की विंडोज, हे विचारणारी यादी त्याचीच.

तिसरा टप्पा कर्नलचा, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याचा. ग्राफिक्स, डिस्क, वाय-फाय यांच्याशी तो बोलायला लागतो.

चौथा टप्पा म्हणजे बाकीच्या सेवा, लॉगिन आणि डेस्कटॉप.

रिले शर्यतीसारखं हे काम चालतं. एकाने दुसऱ्याच्या हातात काठी द्यायची. काठी कोणाच्या हातातून पडली हे कळलं, की उपाय निम्मा सापडला. कंपनीच्या लोगोच्या पुढेच जात नसेल तर अडचण फर्मवेअरपाशी. ग्रबची यादी दिसून नंतर पडदा काळा होत असेल तर कर्नलपाशी. अशा वेळी पेनड्राइव्ह बदलून किंवा ग्रब पुन्हा टाकून काही उपयोग नाही.

काहीही बदलण्याआधी ही दोन कामं करा

पहिलं काम, बॅकअप. महत्त्वाच्या फाइल्स बाहेरच्या हार्ड डिस्कवर किंवा ऑनलाइन ठेवा.

दुसरं काम, बिटलॉकरची रिकव्हरी की. हे अनेकांना माहीतच नसतं. विंडोज ११ असलेल्या नव्या लॅपटॉपमध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं, की डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होण्याची शक्यता मोठी असते. २०२४ मध्ये आलेल्या २४एच२ आवृत्तीपासून तर हे आणखी जास्त मशीनवर होतं. तोपर्यंत तुम्हाला काहीच जाणवत नाही. पण लिनक्ससाठी तुम्ही फर्मवेअरमधलं एखादं सेटिंग बदललं, की विंडोजला वाटतं कोणीतरी मशीनशी छेडछाड केली, आणि ते ४८ आकडी की मागतं. ती नसेल तर डिस्कवरचा डेटा उघडत नाही. हरवलेली की मायक्रोसॉफ्टही नव्याने बनवून देऊ शकत नाही.

म्हणून आधी मायक्रोसॉफ्ट खात्याच्या वेबसाइटवर लॉगिन करा, डिव्हाइसेस विभागात तुमचा लॅपटॉप शोधा आणि ती की कागदावर लिहून घ्या. दुकानात लॅपटॉप सुरू करून देताना दुसऱ्याच कोणाच्या ईमेलने खातं उघडलं असेल, तर की त्या खात्यात असते. हे आजच तपासा. लॅपटॉप अडकल्यावर ती शोधणं फार महागात पडतं.

शिवाय विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समधून 'फास्ट स्टार्टअप' बंद करा. ते चालू असताना 'शट डाउन' केलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट झोपतं. त्यामुळे लिनक्समधून विंडोजच्या ड्राइव्हवर काही लिहिता येत नाही.

पेनड्राइव्ह लावला, पण यादीत दिसतच नाही

आधी बूट मेन्यूची बरोबर की दाबताय ना ते बघा. साधारणपणे डेल आणि लेनोवोमध्ये एफ १२, एचपीमध्ये एफ ९, असूसमध्ये एस्केप. एसरमध्येही एफ १२, पण अनेक मॉडेलमध्ये तो मेन्यू आधी फर्मवेअर सेटिंगमधून चालू करावा लागतो. लॅपटॉप चालू करताच ही की भराभर दाबत राहायची. फर्मवेअरमध्ये 'फास्ट बूट' असेल तर तेही तात्पुरतं बंद करा, कारण त्यात यूएसबी तपासणी वगळली जाऊ शकते.

तरी दिसत नसेल तर पेनड्राइव्ह जुन्या पद्धतीने तयार झालेला असू शकतो. इथेच जुना सल्ला नडतो. 'लेगसी मोड चालू करा', 'सीएसएम ऑन करा' असं व्हिडिओत सांगतात आणि तुमच्या लॅपटॉपमध्ये तो पर्यायच नसतो. २०२० पर्यंत आपल्या नव्या प्लॅटफॉर्मवरून जुन्या बायोसचा आधार काढून टाकणार, असं इंटेलने २०१७ मध्येच सांगितलं होतं. त्यामुळे तो पर्याय शोधत बसू नका. असला तरी चालू करू नका, कारण विंडोज यूईएफआय पद्धतीने आणि लिनक्स लेगसी पद्धतीने बसलं, तर दोघांची एकच यादी कधी येणार नाही. पेनड्राइव्ह रूफसने नव्याने तयार करा आणि त्यात जीपीटी आणि यूईएफआय हे पर्याय निवडा.

आणखी एक साधं कारण, अर्धवट डाउनलोड. उबुंटू २४.०४ ची फाइल साधारण ६ जीबीची आहे. रोजच्या दीड-दोन जीबीच्या मोबाइल पॅकवर ती तुकड्या-तुकड्याने उतरवताना खराब होऊ शकते. शक्यतो कॉलेजच्या वाय-फायवर डाउनलोड करा. प्रत्येक लिनक्सच्या अधिकृत पानावर त्या फाइलचा शा-२५६ हा लांबलचक आकडा दिलेला असतो. रूफसमध्ये फाइल निवडल्यावर तोच आकडा मोजण्याचं बटण मिळतं. दोन्ही तंतोतंत जुळले तरच पुढे जा.

'सिक्युअर बूट व्हायोलेशन' म्हणजे व्हायरस आहे का?

नाही. सिक्युअर बूट म्हणजे दारावरचा राखणदार. ज्या बूटलोडरवर ओळखीची डिजिटल सही आहे, त्यालाच तो आत सोडतो. विंडोज ८ सोबत, म्हणजे २०१२ पासून, घरगुती कॉम्प्युटरमध्ये तो सर्रास आला. उबुंटू, मिंट, फेडोरा, डेबियन यांच्याकडे मायक्रोसॉफ्टने सही केलेला 'शिम' नावाचा छोटा प्रोग्रॅम असतो, त्यामुळे ही चार नावं सहसा सिक्युअर बूट चालू असतानाही चालतात. 'सर्वात आधी सिक्युअर बूट बंद करा' हा सल्ला म्हणूनच सरसकट बरोबर नाही.

मग अडतं कुठे? काही बिझनेस लॅपटॉपमध्ये फक्त विंडोजचीच सही ओळखायची, असं सेटिंग कारखान्यातून येतं. लेनोवोच्या थिंकपॅडमध्ये २०२२ पासूनच्या काही मॉडेलवर हे दिसतं. तिथे फर्मवेअरच्या सिक्युरिटी विभागात 'थर्ड पार्टी यूईएफआय सीए' असा पर्याय असतो. तो चालू केला की पुरे, सिक्युअर बूट बंद करायची गरज नाही.

एसरच्या अनेक लॅपटॉपमध्ये सिक्युअर बूटचा पर्याय फिका दिसतो आणि बदलताच येत नाही. आधी सुपरवायझर पासवर्ड लावला की तो उघडतो. काम झाल्यावर हा पासवर्ड आठवणीने काढून टाका. तो विसरलात, तर खरोखरच सर्व्हिस सेंटर गाठावं लागेल.

व्हेंटॉय वापरत असाल तर पहिल्यांदा निळ्या पडद्यावर त्याची की नोंदवावी लागते. तो पडदा बघून पेनड्राइव्ह काढून घेऊ नका.

जून २०२६ पासून २०११ सालच्या सिक्युअर बूट प्रमाणपत्रांची मुदत संपत जाते, ही बातमी तुमच्या ग्रुपवर फिरली असेल. त्या दिवशी लिनक्स बंद पडेल असा त्याचा अर्थ नाही. आधी सही झालेले बूटलोडर चालतात, कारण फर्मवेअर साधारणपणे मुदतीची तारीख बघत नाही. पण पुढच्या बूटलोडरवर २०२३ च्या प्रमाणपत्राची सही असणार, म्हणून लॅपटॉप कंपनीचे फर्मवेअर अपडेट टाळू नका.

यादी दिसली, लिनक्स निवडलं आणि पडदा काळा

ही अडचण नव्या मशीनवर वारंवार येते आणि तिचं कारण बहुधा ग्राफिक्स असतं. लिनक्सचे बहुतेक ड्रायव्हर कर्नलच्या आतच येतात. त्यामुळे तुमच्या कर्नलनंतर बाजारात आलेली चिप त्याला ओळखता येत नाही.

उदाहरण घ्या. उबुंटू २४.०४ एप्रिल २०२४ मध्ये आलं, कर्नल ६.८ घेऊन. इंटेलचे लुनार लेक प्रोसेसर आले सप्टेंबर २०२४ मध्ये. म्हणजे मित्राच्या पेनड्राइव्हमधलं 'तेच' उबुंटू त्याच्या जुन्या लॅपटॉपवर धावेल आणि तुमच्या महागड्या लॅपटॉपवर अडेल. उपाय सोपा आहे: त्याच उबुंटूची ताजी फाइल घ्या. ऑगस्ट २०२५ मधल्या २४.०४.३ मध्ये कर्नल ६.१४ आहे. डेबियनमध्येही तेच. २०२३ चं डेबियन १२ कर्नल ६.१ वर आहे, तर ऑगस्ट २०२५ चं डेबियन १३ कर्नल ६.१२ वर. नव्या लॅपटॉपसाठी नवी आवृत्ती, हा साधा नियम.

लगेच आत शिरायचं असेल तर उबुंटूच्या यादीत 'सेफ ग्राफिक्स' आणि मिंटमध्ये 'कम्पॅटिबिलिटी मोड' असतो. तो नसेल तर यादीतल्या नावावर थांबून कीबोर्डवरचं इंग्रजी 'ई' दाबा. 'लिनक्स' या शब्दाने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी एक जागा सोडून 'नोमोडसेट' लिहा आणि एफ १० दाबा. इंग्रजी स्पेलिंग एन-ओ-एम-ओ-डी-ई-एस-ई-टी, सगळी लहान अक्षरं, मध्ये जागा नाही. ओळीच्या शेवटी तीन आडव्या रेघा असतील तर त्यांच्या आधी लिहा.

नोमोडसेट हा फक्त कुबडीचा आधार आहे. त्यात चित्र जाडंभरडं दिसतं आणि ग्राफिक्स चिपचा पूर्ण उपयोग होत नाही. आत शिरल्यावर सगळे अपडेट करा. एनव्हिडियाचं कार्ड असेल तर 'अॅडिशनल ड्रायव्हर्स'मधून त्याचा ड्रायव्हर टाका. सिक्युअर बूट चालू असेल तर त्या वेळी एक पासवर्ड ठरवायला सांगतात आणि रीस्टार्टनंतर निळा पडदा येतो. तिथे 'एनरोल मोक' निवडून तोच पासवर्ड द्यायचा. हा पडदा काही सेकंदच थांबतो. तो हुकला तर ड्रायव्हर टाकूनही चालत नाही, आणि लोक दोष ड्रायव्हरला देतात.

इन्स्टॉलरला डिस्कच सापडत नाही

पेनड्राइव्हवरून लिनक्स छान चाललं, पण इन्स्टॉल करताना ५१२ जीबीची एसएसडी गायब. ती जळाली नाही. इंटेलच्या ११ व्या पिढीपासून अनेक लॅपटॉपमध्ये डिस्क 'व्हीएमडी' किंवा 'आरएसटी' या व्यवस्थेच्या मागे ठेवलेली असते. इन्स्टॉलरला ती तिथे कित्येकदा दिसत नाही.

व्हिडिओत सांगतात, 'फर्मवेअरमध्ये जाऊन व्हीएमडी बंद करा.' सल्ला बरोबर आहे, पण अर्धा. तसं थेट केलं तर पुढच्या वेळी विंडोज निळ्या पडद्यावर आदळतं. योग्य क्रम असा:

१. बिटलॉकरची की आणि विंडोज खात्याचा पूर्ण पासवर्ड हाताशी ठेवा. सेफ मोडमध्ये नेहमीचा पिन चालेलच असं नाही.
२. विंडोजमध्ये 'सिस्टिम कॉन्फिगरेशन' उघडा, बूट टॅबमध्ये 'सेफ बूट' वर टिक करा आणि रीस्टार्ट करा.
३. सुरू होतानाच फर्मवेअर सेटिंगमध्ये जा आणि व्हीएमडी बंद करा किंवा एएचसीआय निवडा. एसरच्या अनेक मॉडेलमध्ये हा पर्याय लपलेला असतो. मेन टॅबवर कंट्रोल आणि एस एकत्र दाबल्यावर तो दिसतो.
४. विंडोजला सेफ मोडमध्ये सुरू होऊ द्या. नवा ड्रायव्हर ते स्वतः जोडून घेतं.
५. 'सेफ बूट' ची टिक काढून पुन्हा रीस्टार्ट करा.

विंडोज नीट चाललं, की मग लिनक्सकडे वळा. लिनक्ससाठी जागा मोकळी करायची असेल तर तेही विंडोजच्या 'डिस्क मॅनेजमेंट'मधूनच करा. बिटलॉकर चालू असलेल्या डिस्कवर उबुंटूचा इन्स्टॉलर अडून बसतो.

तुम्ही डॉसवाला, म्हणजे विंडोज नसलेला लॅपटॉप घेतला असेल, तर यातलं सेफ मोडचं प्रकरण तुमच्यासाठी नाही. सरळ सेटिंग बदला.

इन्स्टॉल झालं, तरी थेट विंडोजच उघडतं

लिनक्स जागेवर असतं, फक्त रांगेत मागे असतं. बूट मेन्यूत जाऊन 'उबुंटू' नावाची नोंद दिसते का ते बघा. दिसली तर फर्मवेअरच्या बूट ऑर्डरमध्ये तिला 'विंडोज बूट मॅनेजर'च्या वर न्या. नोंदच नसेल तर लिनक्स मिंटच्या पेनड्राइव्हवरून सुरू करा. त्यात 'बूट रिपेअर' नावाचं साधन आधीपासून असतं. ते इंटरनेट जोडून चालवा.

काल चालत होतं, आज बंद

आधी आठवा, काल काय अपडेट झालं?

लिनक्स अपडेट झालं असेल तर ग्रबच्या यादीत 'अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स' मध्ये जा. तिथे आधीचा कर्नल जपून ठेवलेला असतो. तो निवडून सुरू करा, काम चालू ठेवा आणि पुढच्या अपडेटची वाट बघा.

विंडोज अपडेट झालं असेल तरी लिनक्स अडू शकतं. १३ ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटनंतर जगभरातल्या अनेक ड्युअल बूट मशीनवर 'सिक्युरिटी पॉलिसी व्हायोलेशन' असं दिसून लिनक्स बंद पडलं होतं. जुने, धोकादायक बूटलोडर रोखण्यासाठी केलेला तो बदल ड्युअल बूट मशीनवर लागू होणारच नव्हता, पण झाला. कायमची दुरुस्ती आली मे २०२५ मध्ये. अशा वेळी सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करायचं, लिनक्स पूर्ण अपडेट करायचं आणि पुन्हा चालू करून बघायचं. फॉरमॅटची गरज कुठेच नाही.

'ग्रब रेस्क्यू' असं लिहून आलं तर बहुधा लिनक्सचं पार्टिशन हललंय किंवा उडालंय. विंडोजमधून 'रिकामी दिसणारी' पार्टिशन डिलीट केली होती का ते आठवा. केली असेल तर त्या डिस्कवर नवीन काहीही लिहू नका आणि जाणकाराला दाखवा.

वाय-फायच नाही, मग अपडेट कसं करायचं?

अगदी नव्या वाय-फाय चिपलाही कर्नलचीच अडचण येते. फोन यूएसबी केबलने जोडा आणि फोनच्या हॉटस्पॉट सेटिंगमधून 'यूएसबी टेदरिंग' चालू करा. लिनक्स त्याला वायरचं इंटरनेट समजतं आणि सहसा काहीही न टाकता चालतं.

आणि लिनक्सनंतर विंडोजचं घड्याळ साडेपाच तास मागे दिसलं तर गोंधळू नका. मशीनच्या घड्याळात लिनक्स जागतिक वेळ ठेवतं आणि विंडोज ती भारतीय वेळ समजतं. लिनक्सला स्थानिक वेळ वापरायला सांगितलं की प्रश्न मिटतो.

मदत मागताना काय सांगायचं?

'लिनक्स चालत नाही, प्लीज हेल्प' एवढ्यावर कोणीच मदत करू शकत नाही. चार गोष्टी लिहा: लॅपटॉपचं पूर्ण मॉडेल नाव (मागच्या स्टिकरवर असतं), लिनक्सचं नाव आणि आवृत्ती, कोणत्या टप्प्यावर अडतं, आणि पडद्यावरच्या शेवटच्या ओळींचा स्पष्ट फोटो. फोटोत बिटलॉकरची की दिसत नाही ना, हे पाठवण्याआधी बघा.

मुळापासून शिकायचं असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे लिनक्सचे धडे मोफत आहेत आणि त्यातले बरेच मराठीतही आहेत.

शेवटी एक शिस्त पाळा. एका वेळी एकच सेटिंग बदला. बदलण्याआधी त्या पडद्याचा फोनवर फोटो काढा. फरक पडला नाही तर सेटिंग जसं होतं तसं करा आणि मगच पुढचं बदला. असं केलंत तर लिनक्स आज सुरू होवो की चार दिवसांनी, विंडोज आणि तुमच्या फाइल्स जागेवर राहतील. आणि तरीही मनात धाकधूक असेल, तर सध्या डिस्कला हात न लावता पेनड्राइव्हवरूनच लिनक्स चालवा. प्रॅक्टिकलच्या सरावाला तेवढं पुरतं.